विज्ञान संग्रहालयात मुलांसोबत: कमी प्रयोग, जास्त वेळ

हाताळून पाहायच्या विज्ञान संग्रहालयात कितीतरी प्रयोग मांडलेले असतात आणि सगळे 'झाले पाहिजेत' म्हणून मोठी माणसं मुलांना एकामागून एक पुढे ओढत नेतात. मूल बटण दाबतं, काहीतरी हलतं, की लगेच ते पुढच्या बटणाकडे पळतं. अशा फेरीतून दमणूक तेवढी पदरात पडते. एका भेटीत सात-आठ प्रयोग मनसोक्त खेळून झाले तर भेट उत्तम झाली असं समजावं. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम उभं केलं, तेही पाहणाऱ्यानं उपकरण स्वतः चालवावं आणि त्याच्याशी हवा तितका वेळ झटापट करावी यासाठीच.

वेळ निवडताना शाळांच्या सहलींचा विचार आधी करा. त्या बहुधा सकाळी येतात, त्यामुळे कामाच्या दिवशी दुपार निवांत मिळते. सुट्टीच्या दिवशी दार उघडताच आत शिरावं आणि सगळे ज्या दालनात घुसतात ते सोडून सर्वांत आतल्या दालनापासून सुरुवात करावी. सहा वर्षांखालच्या मुलांना दीड तास पुरे. त्याहून मोठी मुलं मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली तर तीन तास टिकतात. दोन-तीन मुलांमागे एक मोठं माणूस हवं, कारण सगळी मुलं मिळून एकाच प्रयोगापाशी कधीच थांबत नाहीत. तारांगण किंवा प्रात्यक्षिकांच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा, पण दिवसात एकाच कार्यक्रमाला बांधून घ्या. नाहीतर मूल रंगात आलं की नेमकं तेव्हाच त्याला उठवावं लागतं.

कपडे आटोपशीर, बूट बंद, लांब केसांसाठी रबर. फिरत्या उपकरणांजवळ ओढणी किंवा लोंबणाऱ्या दोऱ्या नकोत. मोठ्या चुंबकांपाशी घड्याळ आणि बँकेची कार्डं दूर ठेवा. कुणाला पेसमेकर असेल तर तीव्र चुंबकांपासून आणि उच्च दाबाच्या विजेच्या प्रयोगांपासून लांब राहावं. अपस्माराचा त्रास असेल तर लुकलुकणाऱ्या दिव्यांचं दालन टाळावं, आणि ते कुठे आहे हे आत शिरतानाच विचारून घ्यावं. गोंगाटानं बिथरणाऱ्या मुलासाठी कान झाकणारे मफ बरोबर असू द्या.

आत गेल्यावर फूकोचा लंबक, म्हणजे उंचावरून लांब तारेनं टांगलेला झुलता जड गोळा, दिसला तर प्रथम तिथे जा. फ्रेंच शास्त्रज्ञ लिऑन फूको यांनी १८५१ मध्ये पॅरिसमध्ये तो टांगून पृथ्वीचं फिरणं दाखवलं: खालची जमीन फिरते, म्हणून लंबकाच्या झुलण्याची रेषा हळूहळू वळताना दिसते. लंबक कोणत्या रेषेत झुलतोय हे मुलाला जमिनीवरच्या खुणांवरून कागदावर काढून घ्यायला सांगा आणि वेळ लिहा. ध्रुवावर ही रेषा तासाला सुमारे १५ अंश वळते, ३० अक्षांशावर साडेसात अंश आणि विषुववृत्तावर अजिबात नाही. म्हणजे पाच मिनिटं टक लावून काहीच कळणार नाही आणि मूल 'हा बंद आहे' म्हणून निघून जाईल. दोन तासांनी परत या, तेव्हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसेल.

इथून पुढे एकच नियम पाळा: आधी हात, मग फलक. फलकावर उत्तर छापलेलं असतं आणि उत्तर कळलं की मूल हात काढून घेतं. तुम्ही मनातल्या मनात वाचा, मोठ्यानं नको. 'हे असं का होतं?' हा प्रश्न सुरुवातीला विचारू नका. त्याला परीक्षेचा वास येतो आणि मूल गप्प होतं. 'आता काय होईल?' असं विचारा, अंदाज सांगू द्या, करून बघू द्या, मग एकच गोष्ट बदलून पुन्हा करायला लावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही. 'का' बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या खेपेला मुलाकडूनच येतो.

तांब्याच्या नळीतून पडणारं चुंबक ही यासाठी सर्वांत चांगली जागा. प्लास्टिकच्या नळीतून चुंबक धपकन पडतं, तांब्याच्या नळीतून मात्र रेंगाळत येतं. 'तांबं त्याला ओढतंय' असं मुलं हमखास म्हणतात. नाही म्हणू नका. चुंबक नळीला बाहेरून लावून बघ, एवढंच सांगा. ते चिकटत नाही. आता पहिला अंदाज त्यांनीच खोडलेला असतो आणि खरं कुतूहल इथे सुरू होतं. चुंबक हललं की तांब्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि ते चुंबकाच्या हालचालीला विरोध करतात, हे आता सांगितलं तर पोचतं. त्याच आकाराचा साधा लोखंडी तुकडा मिळाला तर तोही सोडून बघू द्या. तो भरकन खाली जातो.

काही प्रयोग फसतात ते उपकरणामुळे नव्हे, वापरण्याच्या पद्धतीमुळे. समोरासमोर उभ्या केलेल्या दोन मोठ्या तबकड्यांतून कुजबुज ऐकायची असते. मुलं मित्राकडे तोंड करून ओरडतात, म्हणून काही वेगळं जाणवत नाही. मित्राकडे पाठ करून, स्वतःच्या तबकडीकडे तोंड करून, तिच्या पुढ्यातल्या कड्यापाशी हळू बोलायचं. आवाज पुरेसा आला नाही तर डोकं थोडं मागे-पुढे सरकवत नाभीबिंदू, म्हणजे तबकडीवर पडलेला आवाज जिथे एकवटतो ती जागा, शोधायचा. फिरत्या स्टुलावर हात पसरून, पाय स्टुलाच्या मधोमध आखडून बसवा आणि अगदी हळू गती द्या, साधारण चार सेकंदांत एक फेरी. हात छातीशी ओढले की वेग आपोआप वाढतो. जोरात फिरवलं तर मूल एका बाजूला झुकतं आणि पडतं. केस उभे करणाऱ्या व्हॅन डी ग्राफ यंत्राला दमट हवा चालत नाही, कारण विद्युतभार गळून जातो. ओल्या किंवा तेलकट केसांवरही परिणाम कमी दिसतो. हात यंत्राच्या धातूच्या गोळ्यावर ठेवूनच यंत्र सुरू करावं, चालू यंत्राला नंतर हात लावला तर विजेचा झटका बसतो. कप्पीच्या खुर्च्यांवर मुलाला स्वतःला उचलू द्या आणि किती दोर ओढला तेही मोजायला लावा. चार दोरांनी वजन पेललं असेल तर घर्षण सोडता चौपट कमी जोर लागतो, पण दोर चौपट ओढावा लागतो. हा दुसरा भाग मोजला नाही तर कप्पी जादू वाटते.

रांग लागली की तीन वेळा करून बाजूला व्हा आणि गर्दी ओसरल्यावर परत या. एखादं उपकरण बंद असेल तर कुठला भाग हलायला हवा होता यावर मुलाशी अंदाज बांधा. त्यातही मजा असते. मोठं भावंड लहानाला उत्तर सांगून टाकत असेल तर दोघांना वेगवेगळ्या मोठ्यांबरोबर पाठवा. तिथले मार्गदर्शक एकाच जागी कंटाळून उभे असतील तरी त्यांना गाठा. कोणत्या प्रयोगात काय बदलता येतं ते त्यांना पाठ असतं. आणि मूल पाण्याच्या टेबलापाशी तासभर रमलं असेल तर त्याला तिथून उठवू नका, कितीही दालनं बाकी असली तरी.

रंगीत सावल्यांचं दालन घरी पुन्हा करता येतं. लाल, हिरवा आणि निळा जिलेटिन कागद तीन टॉर्चना लावा, खोली पूर्ण अंधारी करा आणि तिन्ही प्रकाश पांढऱ्या भिंतीवर एकाच जागी पडू द्या. मधे हात धरला की लाल अडलेल्या जागी निळसर-हिरवी सावली, हिरवा अडला तिथे किरमिजी, निळा अडला तिथे पिवळी दिसते. निळा कागद बराच प्रकाश अडवतो, म्हणून भिंत पांढरी न दिसता पिवळट दिसली तर निळा टॉर्च भिंतीच्या जवळ आणा.