आगबोटीचं जुनं कार्ड हाती लागलंय? मग या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी जुन्या बाजारातल्या विक्रेत्याने अडकित्त्यांच्या ढिगाखालून एक चित्रकार्ड काढून माझ्यापुढे धरलं. एका धुरांड्याची आगबोट, मागे डोंगराची रेघ. "ही रामदास. बुडाली ती." आवाज खाली आणून तो म्हणाला, किंमत मात्र चांगली वर नेऊन सांगितली. मी कार्ड उलटं केलं. तिकिटावर दाढीवाला सातवा एडवर्ड. हा राजा १९१० साली वारला आणि 'रामदास' बांधली गेली १९३६ साली. हे त्याला सांगितलं, तर क्षणभर विचार करून म्हणाला, "मग शंभर कमी द्या."

कार्ड मी घेतलं. बोट छान होती, फक्त 'रामदास' नव्हती.

प्रत्येक बोट 'रामदास' नसते

पुण्यात कोकणातून आलेल्या घरांत जुन्या फोटोंची पिशवी उघडली, की आगबोटीच्या पहिल्याच चित्राला हे नाव चिकटतं. कारण उघड आहे. १७ जुलै १९४७ च्या त्या सकाळी सहाशेहून अधिक माणसं गेली. एवढ्या दुःखापुढे बाकीच्या बोटींची नावं आठवणीतून पुसली गेली. पण 'चंद्रावती', 'रोहिदास', 'सेंट अँथनी' अशा कितीतरी बोटी या किनाऱ्यावर धावल्या. 'जयंती' आणि 'तुकाराम' तर ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात एकाच दिवशी बुडाल्या. त्यांची आठवण आज क्वचितच कुणी काढतं.

घरातली गोष्ट तपासायची एक साधी रीत सांगतो. "आमचे आजोबा त्या दिवशी रामदासने वेंगुर्ल्याला निघाले होते, धक्क्यावरून परतले." ही कथा मी निदान पाच घरांत ऐकली आहे. 'रामदास' त्या दिवशी मुंबईहून रेवसला निघाली होती. महिना जुलैचा. पावसाळ्यात कोकणची लांबची बोट बंदच असायची. पाऊस सरल्यावर ती पुन्हा सुरू होई. तेव्हा आजोबा परतले असतील तर रेवसच्या, म्हणजे अलिबागकडच्या वाटेवरून. वेंगुर्ल्याला जाणाऱ्याने त्या महिन्यात बोटीचं तिकीट काढायचा प्रश्नच नव्हता. आजोबांना खोटं पाडायचं नाही. दोन आठवणी एकत्र शिवल्या गेल्यात, एवढंच.

नावांचा घोळ इथेच संपत नाही. बोटींना संतांची नावं असल्यामुळे 'तुकाराम' लिहिलेलं एक कार्ड मला विठोबा-ज्ञानोबांच्या चित्रांत खोवलेलं सापडलं होतं. विक्रेत्याने चित्राकडे पाहिलंच नव्हतं. दुसरा घोळ 'विजळी'चा. काठियावाडच्या किनाऱ्यावर ८ नोव्हेंबर १८८८ रोजी नाहीशी झालेली ही बोट लोकांच्या तोंडी 'विजळी' होती, कारण तिच्यावर विजेचे दिवे होते. कागदोपत्री तिचं नाव 'वैतरणा'. 'विजळी' शोधत बसलात तर जुन्या नोंदींत काहीच सापडणार नाही. ती चालवायची शेफर्ड कंपनी. या शेफर्डला 'बोर्न अँड शेफर्ड' या प्रसिद्ध फोटो स्टुडिओत ढकलू नका. तो शेफर्ड फोटोवाला, हा बोटीवाला.

चित्र पाहून साल ठरवू नका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एका कार्डाला तीन तारखा असतात: फोटो काढल्याची, कार्ड छापल्याची आणि कार्ड टपालात पडल्याची. दुकानदार एकदा छापून घेतलेली कार्डं वर्षानुवर्षं विकत. त्यामुळे शिक्का १९२५ चा असला तरी बोट तोवर भंगारात गेलेली असू शकते.

म्हणून आधी पाठ वाचा. पाठीवर मधली उभी रेघ नसेल, तर पूर्ण पाठ फक्त पत्त्यासाठी होती आणि मजकूर चित्राच्या बाजूला कडेला लिहावा लागे. ब्रिटनमध्ये दुभागलेली पाठ १९०२ साली आली, अमेरिकेत १९०७ साली. चित्रावरच शाईने लिहिलेलं पाहून "कुणीतरी खराब केलंय" म्हणत ते खोडरबराने घासणारे महाभाग मला भेटले आहेत. तो मजकूर म्हणजेच त्या कार्डाच्या वयाचा दाखला. पाठीवर बारीक अक्षरांत सॅक्सनीत छापल्याचा उल्लेख असेल, तर कार्ड बहुधा पहिल्या महायुद्धाआधीचं. त्या काळी हिंदुस्थानातली पुष्कळ कार्डं जर्मनीत छापून येत.

तिकीट आणखी मदत करतं. एडवर्ड १९०२ नंतरचा, पाचवा जॉर्ज १९११ नंतरचा, सहावा जॉर्ज १९३७ नंतरचा. आणे असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं. पत्त्यात पिनकोड दिसला, तर कार्ड १५ ऑगस्ट १९७२ नंतर पोस्टात पडलं. हे सगळं सोपं असतं, पण आमच्यातल्याच तिकीटवेड्या मंडळींनी कोपरे कापून नेलेले असतात. तिकीट सोलायचा मोह झाला, तर कृपया हात मागे घ्या.

मजकुरात शके असेल, तर ते इसवी सन समजू नका. "शके १८४९" वाचून एका गृहस्थांनी कार्ड व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं ठरवलं होतं. त्यात ७८ मिळवा, म्हणजे १९२७. जानेवारी ते फाल्गुनअखेर असेल तर ७९. हिंदुस्थानात पोस्टकार्डच मुळी १ जुलै १८७९ ला सुरू झालं, पाव आण्याला. १८४९ साली टाकणार काय होते?

मजकूर मोडीत असेल तर अंदाजाने वाचू नका. मोडी वाचणारी माणसं पुण्यात अजून आहेत, त्यांना गाठा.

रंगावरून कंपनी ओळखू नका

धुरांड्याच्या पट्ट्यांवरून बोट कुणाची ते कळतं हे खरं. पण रंगीत कार्ड बहुतेकदा काळ्या-पांढऱ्या फोटोवर रंग चढवून केलेलं असे, आणि रंग चढवणाऱ्याने ती बोट उभ्या जन्मात पाहिलेली नसे. एकच बोट मी लाल धुरांड्याची पाहिली आहे आणि पिवळ्याचीही, फोटो तोच. धूरही मागाहून काढलेला असतो. धूर एकीकडे उडतोय आणि झेंडा दुसरीकडे, असं दिसलं तर कारागिराच्या कुंचल्याला हसून पुढे जा.

कार्डाखालच्या गावांच्या नावांनी चकू नका. 'सेव्हर्नद्रुग' म्हणजे हर्णैजवळचा आपला सुवर्णदुर्ग, 'घेरिया' म्हणजे विजयदुर्ग, 'फोर्ट व्हिक्टोरिया' म्हणजे बाणकोट. एका संग्राहकाने 'घेरिया' हे इराणी आखातातलं बंदर समजून निराळ्या अल्बममध्ये लावलं होतं.

'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या नंतरच्या बोटींना आगबोट म्हणू नका, असं काही मी म्हणणार नाही. सगळं कोकण म्हणायचं. पण त्या वाफेवर नव्हे, डिझेलवर चालायच्या. वहीत नोंद करताना तेवढं लिहा.

नक्कल कशी ओळखाल

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील कार्ड, ठिपके नसून सलग छटा दिसल्या तर खरा फोटो. छापील म्हणजे नकली नव्हे. पण "मूळ फोटो" म्हणून पैसे मागणाऱ्याच्या कार्डावर जाळी दिसली, तर बोलणी तिथेच थांबवा. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्चही जवळ ठेवा. कागद त्याखाली निळसर पांढरा चमकला, तर त्यात उजळवणारं रसायन आहे आणि ते साधारण १९५० नंतरच्या कागदात येतं. एडवर्डच्या काळातलं कार्ड असं चमकायला नको.

पुण्याच्या पावसाळ्यात

ओल्या फडक्याने पुसू नका. जुनी जांभळी शाई आणि कॉपिंग पेन्सिल पाण्याच्या थेंबाने पसरते आणि मग पत्ताही जातो, मजकूरही. चिकटपट्टी, फेविकॉल, लॅमिनेशन यातलं काहीही नको. स्वस्तातल्या पीव्हीसी अल्बमचं प्लॅस्टिक कालांतराने चिकट होतं. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. कसर लागली असेल, तर ते कार्ड आधी वेगळं काढा.

नदीकाठच्या पेठांतल्या घरांत एक खास दुखणं भेटतं. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात भिजून एकमेकांना चिकटलेले गठ्ठे आजही ट्रंकांतून निघतात. ते नखाने सोडवायला जाऊ नका, चित्राचा थर दुसऱ्या कार्डाच्या पाठीवर जाऊन बसतो. कागद जपणाऱ्या जाणकाराला दाखवा. तोवर टीपकागदात गुंडाळून कोरड्या जागी राहू द्या. इतकी वर्षं थांबलंय, आणखी महिनाभर थांबेल.

वाचलंत, पण कळलं का?

शेवटची चूक माझी स्वतःची. नारायण पेठेतल्या एका घरी पाचव्या जॉर्जच्या तिकिटाचं कार्ड पाहायला मिळालं. कुणा शाळकरी पोराने घरी लिहिलेलं. मजकूर एवढाच: "पणजीला बोट लागली. काळजी नसावी." मी लगेच वहीत लिहून टाकलं: मुंबई–पणजी प्रवास, सुखरूप पोहोचल्याचं पत्र. घरच्या काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "शिक्का बघितलात का?" शिक्का रत्नागिरीचा होता. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड करत रत्नागिरीला येई. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी सगळी पुढे. शिवाय पणजीत तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य. तिथून टाकलेल्या कार्डावर जॉर्ज कशाला असेल? बोट कुठेच पोहोचलेली नव्हती. ती म्हातारीला लागली होती, आणि उलट्यांनी बेजार झालेल्या पणजीला घेऊन ही मंडळी रत्नागिरीलाच पडावातून उतरली होती.