वांग्यावर निंबोळी अर्क मारताय? मग एवढं बघा
आपल्या वाळवा-मिरज भागात बरेच जण म्हणतात निंबोळी अर्काने काय फरक पडत नाही, पण मारतात भर दुपारी, आणि उन्हात त्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे अळीवर काम करणारा घटक, टिकतच नाही ओ. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळा, नीट गाळा नायतर पंपाचं नोझल चोंदतं, मग थोडं साबणाचं पाणी घालून १०० लिटर करा अन् त्याच संध्याकाळी मारा, पानाच्या खालून पण. शेंडा अन् फळ पोखरणारी अळी लगेच मरत नाही, आधी खाणं सोडते, म्हणून दुसऱ्या दिवशी घाबरून केमिकल मारू नका. शेंडा वाळलेला दिसला की तोडून नष्ट करायचाच, आत शिरलेल्या अळीपर्यंत अर्क पोचत नाही. निंबोळ्या पावसाच्या तोंडालाच गोळा करून सावलीत वाळवा, ऐनवेळी मिळत नाहीत.