पान काळं का पडत नाही? प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात या चुका टाळा

प्रयोग ओळखीचा: पानाचा काही भाग झाकून कुंडी उन्हात ठेवायची, मग पानाचा हिरवा रंग काढून त्यावर आयोडीन टाकायचं; जिथे स्टार्च तिथे पान काळंनिळं होतं. ही स्टार्चची चाचणी फसली की खापर फुटतं आयोडीनच्या बाटलीवर. खरी गडबड बहुतेक वेळा दोन दिवस आधीच झालेली असते, कुंडी कुठे आणि किती वेळ ठेवली तिथे. नागपुरात तर ऋतूही आडवा येतो: मे महिन्यात पारा 45 अंशांवर, डिसेंबरच्या पहाटे 10च्या आसपास. पुस्तकातली कृती दोन्ही वेळी जशीच्या तशी चालत नाही.

अंधार अर्धवट नको

पान दिवसा तयार झालेल्या साखरेचा काही भाग हरितलवकातच स्टार्च म्हणून ठेवतं. रात्री हा साठा मोडून त्याची साखर होते; त्यातली बरीचशी रसवाहिन्यांतून मुळांकडे, कोंबांकडे जाते, थोडी पानाच्या स्वतःच्या श्वसनात खर्च होते. प्रयोगाआधी हा जुना साठा संपायला हवा. त्यासाठी कुंडी बंद कपाटात 48 तास ठेवा. कुंडीवर चादर टाकून भागत नाही, कडेने उजेड शिरतो. थंडीत पेशींचं काम मंदावतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत 48 तासांत कपात करू नका.

उन्हात नेण्यापूर्वी त्याच झाडाचं एक पान तोडून त्यावर चाचणी करून बघा. ते काळंनिळं झालं तर झाड आणखी एक दिवस अंधारात. ही पायरी जवळपास सगळेच गाळतात आणि मग झाकलेला भागही काळा पडला की गोंधळतात.

जास्त ऊन म्हणजे जास्त स्टार्च नव्हे

ही चूक आपल्याकडे सर्रास होते: एप्रिल-मेमध्ये कुंडी दुपारी बाराला गच्चीवर नेऊन ठेवतात. तेव्हा पान पाणी वाचवायला पर्णरंध्रं मिटून घेतं. आत कार्बन डायऑक्साइड येत नाही. जो थोडा शिल्लक असतो तोही नीट पकडला जात नाही, कारण तापमान वाढलं की रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडण्याची शक्यता वाढते. म्हणजे ऊर्जा खर्च होते आणि आधी पकडलेला कार्बनही थोडा निसटतो. यालाच प्रकाशश्वसन म्हणतात. संत्र्याच्या झाडालाही हा तोटा होतो. ज्वारी मात्र सी-4 पद्धतीची (रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड गोळा करणारी) असल्याने त्यातून बऱ्याच अंशी सुटते.

म्हणून उन्हाळ्यात सकाळी 7 ते 11, हिवाळ्यात 10 ते 3 ही वेळ धरा. आदल्या संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी घाला. पान झाकायला काळ्या कागदापेक्षा ॲल्युमिनियम फॉइल बरी. काळा कागद तापतो आणि खालचा भाग भाजतो. पट्टी पानाच्या दोन्ही बाजूंनी लावा, क्लिपनं पान चेपू देऊ नका.

पान निवडताना, उकळताना

पातीच्या कांद्याचं पान घेऊ नका. ते स्टार्च साठवत नाही, साखरच ठेवतं, त्यामुळे आयोडीन कितीही घाला, निळं होणार नाही. जास्वंद किंवा कोलियस चांगलं. संत्र्याचं पान जाड आणि मेणचट असतं, रंग निघायला फार वेळ घेतं.

पान आधी उकळत्या पाण्यात 1 ते 2 मिनिटं बुडवा. पेशींची आवरणं फुटली तरच पुढे स्पिरिट आणि आयोडीन आत पोचतं. मग बर्नर विझवा. हो, पूर्ण विझवा. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं आणि त्याची वाफ पेट घेते. रंग काढायला पान आणि स्पिरिट (म्हणजे अल्कोहोल) असलेली परीक्षानळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात ठेवली की पुरेसं आहे. पान पांढुरकं झालं की ते कडक होऊन तुटायला लागतं, म्हणून कोमट पाण्यात बुडवून मऊ करा आणि पूर्ण गार होऊ द्या. स्टार्च-आयोडीनचा निळा रंग उष्णतेनं उडतो. गरम पानावर आयोडीन टाकून ‘स्टार्च नाही’ असं लिहिलेली जर्नलं कमी नाहीत.

आयोडीन नुसत्या पाण्यात जेमतेम विरघळतं. आधी 2 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात 1 ग्रॅम आयोडीन घाला, ते पूर्ण विरघळलं की पाणी 300 मिलीपर्यंत वाढवा. फार गडद द्रावणात सगळंच पान तपकिरी-काळं दिसतं आणि फरक कळत नाही.

हायड्रिलाचे बुडबुडे

हायड्रिला ही पाणवनस्पती उजेडात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडते. ते येत नसतील तर आधी पाणी बघा. आरओच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतं, उकळून गार केलेल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो. अर्धा लिटर पाण्यात 1 ते 2 ग्रॅम खाण्याचा सोडा घाला. बेकिंग पावडर नव्हे. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातं. देठ पाण्याखालीच धारदार ब्लेडनं तिरपा कापा. बोथट कात्रीनं देठातल्या हवेच्या पोकळ्या चेपतात आणि वायूची वाटच बंद होते.

याच्या उलटी अडचण जास्त फसवी आहे: बुडबुडे भरपूर, पण खोटे. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि काचेवर, पानांवर बुडबुडे धरतात. देठाच्या कापलेल्या टोकातून एकामागे एक निघणारे बुडबुडेच मोजा. दिवा वापरत असाल तर दिवा आणि चंचुपात्राच्या मध्ये पाणी भरलेली काचेची पेटी ठेवा. दिव्याचं अंतर 20 सेंमीवरून 40 सेंमी केलं की प्रकाश निम्मा नाही, साधारण चौथाई होतो. प्रत्येक बदलानंतर 5 मिनिटं थांबून मगच मोजायला लागा.

श्वसनाचा थर्मास

श्वसनात उष्णता निघते हे दाखवायला मोड आलेले हरभरे थर्मासमध्ये भरताना रबरी बूच लावू नका. ऑक्सिजन संपला की श्वसन मंदावतं. कापसाचा बोळा लावा. तुलनेसाठी ठेवलेला, उकळून गार केलेल्या दाण्यांचा थर्मासही तापतो तेव्हा विद्यार्थी चक्रावतात. तिथे जिवाणू श्वसन करत असतात. दोन्ही प्रकारचे दाणे भरण्याआधी सौम्य ब्लीचमध्ये धुवून घ्या आणि पहिल्या 24 तासांतलीच नोंद धरा. उष्णता येते कुठून? ग्लुकोजमधल्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग एटीपीत (पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूत) जातो, उरलेली बहुतेक उष्णता होते.

उत्तरपत्रिकेतल्या चुका

- ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो, असं लिहू नका. तो पाण्यातून येतो. रुबेन आणि केमेन यांनी 1941 मध्ये ऑक्सिजन-18 वापरून ते दाखवलं.
- ‘अंधारातली अभिक्रिया’ रात्री होत नाही. तिलाच केल्विन चक्र म्हणतात; त्यात कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते. त्याला एका कार्बन डायऑक्साइडमागे 3 एटीपी आणि 2 एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) लागतात, ते प्रकाशातच तयार होतात. चक्रातली काही विकरंही प्रकाशातच कामाला लागतात.
- वनस्पती फक्त रात्री श्वसन करतात हेही चूक. चोवीस तास करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषण जास्त असल्याने ते झाकलं जातं.
- एटीपी हा साठा नाही. स्नायूतलं एटीपी काही सेकंदांत संपेल एवढंच असतं, पेशी ते सतत नव्यानं बनवते. साठा म्हणजे स्टार्च, ग्लायकोजेन, मेद.
- एका ग्लुकोजपासून 38 एटीपी की 30-32? 38 हा जुन्या हिशोबाचा आकडा: एका एनएडीएचमागे 3, एका एफएडीएच2मागे 2 (हे दोन्हीही इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू). मोजमाप सुधारल्यावर ते अनुक्रमे सुमारे 2.5 आणि 1.5 निघाले. 30 की 32, हे ग्लुकोज-विघटनातले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) कोणत्या वाटेनं शिरतात त्यावर ठरतं. पाठ्यपुस्तकात 38 असेल तर परीक्षेत 38च लिहा आणि हिशोब सोबत मांडा.