लाकडी डब्यातल्या सिंथची घुरघुर

घरी बनवलेला सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे सर्किटमधून सूर काढणारं वाद्य) टेबलावर उघडा असताना ठीक वाजतो, लाकडी डब्यात बसवला की घुंsss. नॉबजवळ हात नेला की आवाज बदलतो. लाकूड घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण अडवत नाही, धातू बरीचशी अडवतो.

१. आधी अ‍ॅडाप्टर काढून ९ व्होल्टची बॅटरी लावा (सर्किट ९ व्होल्टचं असेल तरच). घुरघुर गेली तर दोष अ‍ॅडाप्टरचा, डब्याला हात लावू नका.

२. नाही गेली, तर डबा आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइलने मढवा, झाकणासकट. पोळ्या गुंडाळायची फॉइल चालते. फेव्हिकॉलने चिकटवा, पण दोन तुकडे जिथे एकमेकांवर येतात तिथे फेव्हिकॉल नको. माझा अख्खा रविवार इथेच गेला: फॉइल सगळीकडे होती, पण तुकडे एकमेकांना जोडलेलेच नव्हते! मल्टीमीटर बीप मोडवर ठेवून (जोड असेल तर बीप वाजतो) कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासा.

३. फॉइलला साधं सोल्डर धरत नाही. वायरला रिंग लावून स्क्रू आणि वॉशरने फॉइलवर आवळा. दुसरं टोक आउटपुट जॅकच्या (आवाज बाहेर नेणारी केबल जिथे लागते त्या) ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या टोकाला. झाकणाच्या फॉइललाही तशीच एक वायर.

नाशिककरांना फॉइलऐवजी भांडी बाजारात तांब्याच्या पातळ पत्र्याचे तुकडे मिळाले तर उत्तमच, त्यावर सोल्डर थेट बसतं.

सर्किटच्या पाठीखाली जाड पुठ्ठा मात्र नक्की ठेवा, नाहीतर सर्किटवरच्या पार्ट्सचे पाय फॉइलला टेकून शॉर्ट होईल.