शेल स्क्रिप्टमधील अट: अवतरणचिन्हे आणि मोकळी जागा
स्क्रिप्टला (आज्ञांच्या फाइलला) स्थानकाचे नाव देऊन (ते $1 मध्ये येते) [ $1 = "दादर" ] अशी अट लिहिली, तर ‘दादर’साठी ती बिनबोभाट चालते; मात्र ‘मुंबई सेंट्रल’ दिले की मधल्या मोकळ्या जागेमुळे शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) त्या नावाचे दोन शब्द करते आणि अट तपासण्याऐवजी एरर दाखवते. नाव रिकामे राहिले तरी तेच. म्हणून "$1" असे दुहेरी अवतरणचिन्हांतच लिहावे.

याहून घातक चूक म्हणजे बरोबरच्या चिन्हाभोवती जागा न सोडणे: [ "$1"="दादर" ] ही एकच सलग स्ट्रिंग (अक्षरांची माळ) ठरते आणि ती रिकामी नसल्याने अट कायम खरी ठरून बोरिवलीलाही दादर समजले जाते, तेही कोणताही एरर न येता.

बॅश या शेलमध्ये [[ $1 == मुंबई* ]] लिहिल्यास ‘मुंबई’ने सुरू होणारे प्रत्येक नाव जुळते; तारका अवतरणचिन्हांत घातली, तर मात्र ती निव्वळ एक अक्षर म्हणून तपासली जाते.