न्यूट्रॉनचा वेग कसा उतरतो: एक्सेलमध्ये करून बघा

माझे वडील सोलापुरात यंत्रमागाचे जॉबर होते. जुन्या बेअरिंगमधले छर्रे ते घरी आणायचे. बी.एस्सी.च्या मुलांना मॉडरेटर, म्हणजे अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग उतरवणारा पदार्थ, शिकवताना मी आजही तेच छर्रे काढते. फरशीवर एक छर्रा ठेवा आणि तेवढाच दुसरा त्याच्यावर नेमका सोडा. मारणारा जवळजवळ थांबतो, समोरचा पळतो. तोच छर्रा लोखंडी खलावर मारा, आपटून मागे येतो. न्यूट्रॉन हा हायड्रोजनच्या केंद्रकाएवढ्याच वजनाचा, म्हणून पाण्यात तो लवकर मंदावतो.

आता कागदावर. केंद्रकाचा वस्तुमानांक घ्या. त्यातून १ वजा करा, मूळ वस्तुमानांकात १ मिळवा, पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि वर्ग करा. हा अल्फा. हायड्रोजनचा ०, ड्युटेरियमचा (जड हायड्रोजन) ०.१११, कार्बनचा ०.७१६. टकरीनंतरची ऊर्जा जुनी ऊर्जा आणि तिची अल्फापट यांच्यामध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने पडते. म्हणजे:

नवी ऊर्जा = जुनी ऊर्जा × (अल्फा + (१ − अल्फा) × रँड)

रँड म्हणजे एक्सेलचं RAND(), ते दर वेळी ० ते १ मधला कुठलाही आकडा देतं.

पहिल्या ओळीत २०,००,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लिहा, विखंडनातल्या (केंद्रक फुटताना सुटणाऱ्या) न्यूट्रॉनची सरासरी साधारण एवढी असते. खालच्या ओळीत सूत्र घालून हायड्रोजनसाठी ५० आणि कार्बनसाठी १६० ओळी खाली ओढा. न्यूट्रॉन ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत, म्हणजे भोवतालच्या उष्णतेच्या ऊर्जेपर्यंत, उतरला की मंदावला असं धरायचं. सुरुवातीची ओळ धरून ०.०२५च्या वर जितक्या ओळी राहिल्या, तितक्या टकरी. एक रकाना म्हणजे एक न्यूट्रॉन, असे निदान २०० रकाने करा आणि सरासरी काढा. (०.०२५ ही २० अंशांची गोष्ट. मे महिन्यात आपल्याकडे ४२ अंश असतात तेव्हा ती ०.०२७ होते, टकरींच्या हिशेबात फरक नगण्य.)

इथे दरवर्षी कुणीतरी वही घेऊन येतं: "मॅडम, माझ्या २६ आल्या." हायड्रोजनमध्ये सरासरी निम्मी ऊर्जा उरते हे खरं, म्हणून मुलं ८ कोटींना (२०,००,००० भागिले ०.०२५) दोनाने भागत सुटतात. पण ऊर्जा गुणाकाराने उतरते. दहात एखादी टक्कर तिला दशांशाच्याही खाली नेते, आणि ती एकटी तीन वेळा निम्मं करण्यापेक्षा जास्त काम करते. म्हणून सरासरी ऊर्जेची नाही, तिच्या लॉगची घ्यायची. हायड्रोजनमध्ये दर टकरीला लॉग सरासरी १ ने उतरतो. ८ कोटींचा नैसर्गिक लॉग १८.२, म्हणून पुस्तकात १८ टकरी असतात. ड्युटेरियमला २५, कार्बनला ११५.

तुमच्या शीटवर मात्र हायड्रोजनला १९च्या आसपास येईल. शीट चुकलेली नाही. शेवटची टक्कर न्यूट्रॉनला नेमकी ०.०२५च्या रेषेवर न सोडता तिच्या खाली ढकलते. हायड्रोजनमध्ये लॉगमधला हा जादा उतार सरासरी बरोबर १ भरतो.

१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली हे सूत्र ओढाताणीने वापरतोय हे लक्षात ठेवा. तिथे केंद्रकं स्थिर धरता येत नाहीत, रेणूतले बंध आड येतात, न्यूट्रॉन टकरीत ऊर्जा मिळवूही शकतो. काटेकोर काम हवं तर १ वरच थांबा, हायड्रोजनला सरासरी १५.५ मिळेल.

मग जड पाणी, म्हणजे हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी, कशाला? त्याला टकरी जास्त लागतात, पण ते न्यूट्रॉन गिळत नाही म्हटलं तरी चालेल; साधं पाणी गिळतं. तारापूर अणुवीज केंद्राचं युनिट १ आणि २ साध्या पाण्यावर, म्हणून तिथे समृद्ध (युरेनियम-२३५ वाढवलेलं) युरेनियम लागतं. ३ आणि ४ जड पाण्यावर, तिथे नैसर्गिक युरेनियम चालतं. शीटमध्ये हे दाखवायचं तर प्रत्येक टकरीला दुसरा रँड घ्या आणि तो शोषणाच्या शक्यतेपेक्षा लहान आला की तो रकाना तिथेच संपवा.