स्वसादृश्य तपासावे कसे: एक नकाशा, एक कर्कटक आणि कोकणचा किनारा

फांदीत झाड दिसते, ओहोळाच्या जाळ्यात नदीचे खोरे दिसते, आणि एवढ्यावरून ‘लहानमोठ्या सर्व पातळ्यांवर तोच आकार’ हा निसर्गाचा मूलभूत नियम असावा, असे पुष्कळदा सुचवले जाते. डोळ्यांना जाणवणारे साम्य हा त्याचा पुरावा होत नाही. मोजण्याचे माप बदलले तरी मोजमापांतील एखादा संबंध जसाच्या तसा राहत असेल, तरच तेथे मापबदलाची सममिती आहे असे म्हणता येते. असा संबंध आहे की नाही, हे कंपासपेटीतील कर्कटक आणि आलेखकागद घेऊन घरीच तपासता येते.

किनाऱ्याला हात घालण्यापूर्वी उत्तर ठाऊक असलेल्या आकारावर सराव करावा. स्वीडिश गणिती हेल्गे फॉन कोख यांनी १९०४ मध्ये मांडलेला वक्र यासाठी उत्तम आहे. कागदावर २७ सेंमीची रेषा काढावी, तिचा मधला तिसरा भाग पुसून त्या जागी समभुज त्रिकोणाच्या दोन बाजू उभ्या कराव्यात, आणि हीच कृती तयार झालेल्या प्रत्येक तुकड्यावर आणखी दोनदा करावी. आता कर्कटकात ९ सेंमी अंतर घेऊन वक्रावरून चालत गेल्यास ४ पावले पडतात, ३ सेंमीला १६ आणि १ सेंमीला ६४. म्हणजे लांबी अनुक्रमे ३६, ४८ आणि ६४ सेंमी भरते. पाऊल तिसऱ्या हिश्शावर आणले की पावले दर वेळी चौपट होतात, आणि ४ च्या लॉगला ३ च्या लॉगने भागले की १.२६ ही मिती, म्हणजे वक्राच्या वाकडेपणाचे माप (सरळ रेषेसाठी ते १ असते), मिळते. यानंतर पाऊल अर्ध्या सेंमीचे करून पाहावे, ही पायरी बरेच जण गाळतात. पावले १२८ होतात, पण लांबी ६४ सेंमीवरच थांबते, कारण आपण काढलेल्या वक्रात त्याहून बारीक तपशीलच नाही. स्वसादृश्याला खालची हद्द असते, हे येथे हाताखालीच दिसते.

आता किनारा. हर्णैपासून जयगडपर्यंतचा पट्टा चांगला, कारण त्यात उघडी पुळण, खडकाळ डोंगरसोंडा आणि वाशिष्ठीची दाभोळ खाडी असे सगळे येते. १:५०,००० प्रमाणाची धरातलपत्रके, म्हणजे भूभागाचे तपशीलवार नकाशे, जोडून घ्यावीत. त्यांवर १ सेंमी म्हणजे अर्धा किलोमीटर, म्हणून कर्कटकात ८, ४, २, १ आणि अर्धा सेंमी अंतर घेतले की ४ किलोमीटरपासून पाव किलोमीटरपर्यंतची पाच पावले मिळतात. प्रत्येक पावलाने तोच पट्टा चालावा, शेवटचे अपुरे पाऊल अपूर्णांकात नोंदवावे, आणि आरंभबिंदू थोडा पुढेमागे करून निदान तीन मोजण्यांची सरासरी घ्यावी.

खरी परीक्षा दाभोळला होते. मुखावरून पलीकडे उडी मारायची, की काठ धरून आत चिपळूणच्या दिशेने वळायचे? हा निर्णय ऐनवेळी मनाने घेतला तर आलेखात निसर्गाऐवजी आपला कंटाळाच उमटतो. खाडीची रुंदी पावलापेक्षा कमी असेल तर ती ओलांडावी. जास्त असेल तर काठाकाठाने आत जावे आणि ती पावलाहून अरुंद होईल तेथे पलीकडे जावे, असा नियम आधीच लिहून ठेवावा. मग खाडी वेगवेगळ्या पावलांना वेगवेगळी ‘दिसते’, आणि ते तसेच असायला हवे.

पावलाच्या लांबीचा लॉग आडव्या अक्षावर आणि एकूण लांबीचा लॉग उभ्या अक्षावर घेऊन बिंदू मांडावेत. बिंदू सरळ रेषेत पडले तर तिचा चढ ऋण येईल. त्याचे चिन्ह बदलून त्यात १ मिळवला की मिती मिळते. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांच्या १९६१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशाच रेषा आहेत, आणि स्पेन-पोर्तुगाल सीमेची लांबी दोन देशांच्या नोंदींत ९८७ आणि १,२१४ किलोमीटर अशी वेगळी का, याचे कारणही त्यातून कळते. गणिती बेन्वा मांडेलब्रो यांनी १९६७ मध्ये त्या चढांचा मिती म्हणून अर्थ लावला: ब्रिटनचा पश्चिम किनारा १.२५, दक्षिण आफ्रिकेचा १.०२. मिती १.२५ असेल तर पाऊल निम्मे केल्यावर लांबी दर वेळी सुमारे १९ टक्क्यांनी वाढते.

केवळ दोन बिंदूंवरून मिती काढण्याचा मोह टाळावा. भारताच्या किनाऱ्याची अधिकृत लांबी ७,५१६.६ किलोमीटरवरून ११,०९८.८१ किलोमीटर झाली आणि नकाशाचे प्रमाण १:४५,००,००० वरून १:२,५०,००० वर आले, यावरून हिशेब केला तर मिती साधारण १.१३ येते. आकडा गोड आहे, पण दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते. शिवाय दोन मोजण्यांची रीतही एक नव्हती.

आलेख सरळ आला तरी ‘मूलभूत’ हा शब्द राखूनच वापरावा. गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवले होते की प्राणी सर्व बाजूंनी दुप्पट केला तर वजन आठपट होते आणि हाडाचा छेद मात्र चौपटच, म्हणून राक्षसाची हाडे आपल्या हाडांची नुसती मोठी प्रत असू शकत नाहीत. अणूला ठरलेला आकार आहे, इलेक्ट्रॉनला ठरलेले वस्तुमान आहे, आणि ही ठरलेली मापे सममिती मोडतात. ती खरोखर अवतरते तेथे काही अट असते. पाणी ३७४ अंश सेल्सियस आणि सुमारे २१८ वातावरण दाबाच्या क्रांतिक बिंदूशी, म्हणजे द्रव आणि वाफ यांतला भेद मिटतो तेथे, आणले की घनतेचे चढउतार सर्व आकारांत एकदम दिसू लागतात; अशा स्थितीचा उलगडा करणाऱ्या सिद्धान्तासाठी केनेथ विल्सन यांना १९८२ चे नोबेल मिळाले. तापमान जरा हलले की ठरावीक लांबी परत येते. दीर्घिकांचे पुंजकेही काही कोटी प्रकाशवर्षांपर्यंत साधारण स्वसदृश दिसतात, पण त्याच्या कितीतरी पुढे गेल्यावर वाटप सपाट होत जाते.

म्हणून निष्कर्षात मितीच्या शेजारी पल्ला लिहावा. पाव ते चार किलोमीटर म्हणजे सोळापट, दहाच्या घातांत जेमतेम १.२. फ्रॅक्टल, म्हणजे स्वसदृश आकार, म्हणून प्रसिद्ध झालेल्या भौतिक मोजमापांची १९९८ मध्ये झाडाझडती घेतली गेली, तेव्हा त्यांचाही सर्वसाधारण पल्ला १.३ च्याच आसपास निघाला होता. तो वाढवायचा असेल तर वरच्या टोकाला सबंध कोकणचा लहान प्रमाणाचा नकाशा घ्यावा, खालच्या टोकाला उपग्रहचित्र घ्यावे, आणि धरातलपत्रकावर छापील रेषेच्या जाडीहून लहान पाऊल घेऊ नये, कारण तेथे किनारा संपून नकाशा काढणाऱ्याचा हात सुरू होतो.